वकिलाचं शेपूट

कुंदाताई म्हात्रे कॉम्प्युटरकडे पाठ करून बसतात.

नेहमी नाही. दुरुस्तीला आल्या की. आमच्या दुकानातलं लाकडी स्टूल त्या आधी फिरवून घेतात. तोंड रस्त्याकडे, पाठ स्क्रीनकडे, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. मग मला हुकूम सोडतात, "हं मंगेश, आता कर. मी बघत नाहीये." मी कीबोर्डवर बसतो आणि त्या समोरच्या रसवंतीवाल्याकडे बघत राहतात. मध्ये कुणी गिऱ्हाईक आलं तर त्याला वाटतं, आमच्यात काहीतरी बिनसलंय. एका बाईंनी तर मला हळूच विचारलेलं, "आई रुसल्यात का हो?"

त्या माझी आई नव्हेत. नात्यानं कुणीच नव्हेत. आमच्या दुकानाचा प्रोग्रॅम त्यांनी लिहिलाय, एवढंच नातं. पण ते कुठल्याही मावशी-आत्याच्या नात्यापेक्षा जास्त हक्काचं आहे, हे त्यांच्या बोलण्यावरून कुणालाही कळेल.

आमचं दुकान म्हणजे कपडेपट. डोंबिवलीत नाटकांना, शाळेच्या गॅदरिंगना आणि फॅन्सी ड्रेसला आम्ही भाड्यानं वेश देतो. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, सुरू केलेलं. मारुती, परी, भाजीवाली, वाघ, टोमॅटो, पोलीस, सगळं मिळतं. कुंदाताई तेव्हा तरुण होत्या, ठाण्याच्या एका कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून नुकत्याच लागलेल्या. कंपनीच्या नाटकासाठी फेटे न्यायला आल्या आणि अण्णांना एक मिशी शोधताना पाहून अर्धा तास थांबल्या. मिशी सापडली ती राक्षसांच्या दाढ्यांमध्ये. कुंदाताई म्हणाल्या, "अण्णा, हे सगळं मी तुम्हाला कॉम्प्युटरवर करून देते." अण्णांकडे तेव्हा कॉम्प्युटरच नव्हता. तो नंतर त्यांनी या प्रोग्रॅमसाठी घेतला.

प्रोग्रॅम सी नावाच्या भाषेत आहे. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊस लागत नाही. कुठला वेश कुठल्या कप्प्यात, त्याच्यासोबत काय सामान जातं, कुणाकडे गेलाय, कधी येणार, सगळं त्यात आहे. वेशाचं नाव टाकलं की पावती छापून येते. पैसे घ्यायला कुंदाताईंनी तेव्हाही नकार दिला आणि नंतरही. "मला शिकायला मिळालं," एवढंच म्हणायच्या.

त्यांच्या घरी जाल तर पहिल्यांदा स्वयंपाकघरातले डबे दिसतील. सगळ्यांवर चिठ्ठ्या. पोहे, रवा, सुकट. यात नवल नाही. पण रिकाम्या डब्यांवरही चिठ्ठी आहे, 'रिकामा'. मी विचारलं, "ताई, उघडून बघितलं की कळतं की." त्या म्हणाल्या, "उघडायची वेळ कशाला येऊ द्यायची? रिकामं आहे तर रिकामं आहे असं लिहावं. नाही लिहिलं की माणूस समजतो, असेल काहीतरी."

आणि त्यांचा आवडता शब्द म्हणजे 'त्याच्याआधी?'. हा शब्द त्या प्रश्नार्थक भुवई वर करून टाकतात आणि समोरच्याचा दिवस खातात. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, वजनामुळे. "त्याच्याआधी?" डॉक्टर म्हणाले, वय. "त्याच्याही आधी?" डॉक्टरांनी शेवटी त्यांना गोळ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर दिला. एकदा मी त्यांच्याबरोबर ठाण्यातल्या खोपटच्या एसटी डेपोत उभा होतो. बस कधी सुटणार, हे लोक विचारतात. कुंदाताईंनी कंडक्टरला विचारलं, ही बस आत्ता आली कुठून? आणि तिथे जाण्याआधी कुठे होती? ड्रायव्हर जेवला का? कंडक्टरनं शर्टाचं वरचं बटण लावलं आणि अदबीनं म्हणाला, "मॅडम, तुम्ही चेकिंगच्या का?" बस उशिरा सुटणार हे त्यांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं, हेही सांगायला पाहिजे.

तर गोष्ट गेल्या डिसेंबरातली आहे. जुना कॉम्प्युटर शेवटी मेला. मी नवा घेतला आणि कुंदाताईंनी प्रोग्रॅम त्यावर चढवून दिला. आठवडाभर छान चाललं. मग एके दुपारी एक आई दुकानात आली. तिच्या हातात आमची पिशवी होती आणि चेहरा असा की मी आपोआप उभा राहिलो.

तिच्या मुलीनं बालवाडीच्या फॅन्सी ड्रेसमध्ये वकील केलेला. काळा कोट, पांढरी पट्टी. पिशवीत त्याबरोबर एक लांब तपकिरी शेपूट आणि एक गदाही होती. वेश चढवायला शाळेतल्या बाई होत्या, त्यांना वाटलं आईनंच काहीतरी नवीन कल्पना काढली असेल. त्यांनी शेपूट बांधलं. मुलगी स्टेजवर गेली, गदा टेबलावर आपटून "ऑर्डर, ऑर्डर" म्हणाली आणि आख्खा हॉल हसला. पोरगी रडत खाली उतरली.

"माझ्या मुलीला माकड केलंत तुम्ही," ती आई म्हणाली. मी पैसे परत केले, माफी मागितली, ती गेली. मग मी आमच्या मंदाबाईंकडे वळलो. पॅकिंग त्या करतात.

"मंदाबाई, वकिलाला शेपूट?"

"पावतीत आहे ते पिशवीत," मंदाबाई म्हणाल्या आणि पावतीची प्रत समोर ठेवली. खरंच होतं. 'वकील (लहान). सोबत: शेपूट, गदा.'

मी कुंदाताईंना फोन केला. पलीकडून आवाज आला, "माझ्या प्रोग्रॅममध्ये शेपूट?"

तासाभरात त्या हजर. त्यांनी स्वतः वकिलाची पावती काढली. काळा कोट, बस. पुन्हा काढली. काळा कोट, बस. घरी जाऊन आपल्या लॅपटॉपवर बघितलं, तिथेही काळा कोट. दुसऱ्या दिवशी त्या नव्हत्या तेव्हा टोमॅटोला गदा आली. त्या धावत आल्या, टोमॅटो पुन्हा निव्वळ टोमॅटो.

"ताई, तुम्हाला घाबरतंय ते," मी म्हणालो.

मी थट्टा केली होती. त्यांनी ती मनावर घेतली. "तसंच असतं रे हे," त्या म्हणाल्या. "अशा चुका आपण बघायला गेलो की लपतात." आणि त्यांनी स्टूल फिरवलं. तेव्हापासून ती पाठ.

खरं कारण त्यांनी मला नंतर समजावलं, इस्त्रीच्या टेबलावर चिठ्ठ्या मांडून. पॉइंटर म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूचा पत्ता. आमच्याकडे पावतीला जशी कप्प्याच्या नंबराची चिठ्ठी टाचतात तसा. मारुतीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, शेपूट-गदेचा कप्पा. वकिलाला सोबत काही नाही, म्हणजे त्याच्या चिठ्ठीवर 'काही नाही' असं लिहायला हवं.

"आणि नाही लिहिलं तर? कोरीच राहील ना?"

"इथेच सगळे फसतात." त्यांचे डोळे चमकले. "मेमरीत कोरी चिठ्ठी नसतेच मंगेश. सगळ्या वापरलेल्या. आधी कुणीतरी काहीतरी लिहून गेलेलं असतं. तू लिहिलं नाहीस तर त्या आधीच्याचा पत्ता तुझ्या नावावर चालतो. आता आधीचा कोण, ते दर वेळी वेगळं. म्हणून कधी शेपूट, कधी काहीच नाही. आणि मी बघायला गेले, की माझ्या बघण्यानंच चिठ्ठ्या इकडच्या तिकडे होतात."

हे मला पटलं, कारण दुसऱ्याच दिवशी मी ते डोळ्यांनी पाहिलं. आत काय चाललंय ते पडद्यावर दाखव, अशी एक जादा ओळ त्यांनी प्रोग्रॅममध्ये घातली. शेपूट गायब. ओळ काढली, संध्याकाळच्या ऑर्डरींत शेपूट हजर. पुन्हा घातली, गायब.

मी खूश झालो. "मग राहू दे ना ती ओळ! कुठे नडतेय?"

कुंदाताई एरवी पुस्तकात शोभेल असं मराठी बोलतात. पण त्या डोंबिवलीतल्या जुन्या आगरी घरातल्या, आणि चिडल्या की थेट गावात जातात. "गप रं तू! शेपूट लपलाय, गेला नाय! आन् मना सांगतंस राहू दे?" मंदाबाई इस्त्री उचलून आतल्या खोलीत गेल्या.

माझी बायको वैशाली मात्र या सगळ्याला कंटाळली होती. गॅदरिंगचा मोसम डोक्यावर, रोज प्रत्येक पावती हातानं तपासायची. तिनं मोबाईलवर चालणारं एक तयार सॉफ्टवेअर बघून ठेवलेलं. एक दिवस तिनं ते कुंदाताईंच्या समोरच काढलं. मी चपापलो. मला वाटलं, आता पुन्हा आगरी.

"चांगलं आहे," कुंदाताई ते नीट बघून म्हणाल्या. "चित्रंही आहेत. घ्या तुम्ही." मग मोबाईल परत देत, "फक्त ही चूक सापडेपर्यंत माझं काढू नका. मला कळू दे, काय झालंय ते. मग खुशाल काढा."

वैशाली माझ्याकडे बघायला लागली. तिला भांडायचं होतं आणि समोरचं माणूस भांडतच नव्हतं. "बरं," ती म्हणाली. "पण मोठ्या शाळांच्या ऑर्डरी सुरू होईपर्यंतच हं."

मग सुरू झाली माझी उलटतपासणी. कुंदाताई पाठ करून बसलेल्या, मी आरोपी.

"वकिलाची पावती काढलीस. त्याच्याआधी?"

"काही नाही."

"काही नाही असं नसतं. त्याच्याआधी?"

"सामंतबाईंचा फोन होता."

सामंतबाई या त्याच बालवाडीच्या मुख्याध्यापिका. मनानं अतिशय चांगल्या आणि ते मन दिवसातून चार वेळा बदलणाऱ्या. वर्गातल्या मुलांचे वेश त्या फोनवर सांगतात आणि सांगता सांगता फिरवतात.

"काय म्हणाल्या?"

"मारुती लिहा म्हणाल्या. मी लिहिला. मग म्हणाल्या, नको, ती मुलगी मुखवट्याला घाबरते, मारुती खोडा. मी खोडला. मग म्हणाल्या, त्याऐवजी..." मी थांबलो.

कुंदाताईंची पाठ ताठ झाली. "त्याऐवजी?"

"वकील."

त्या वळल्या नाहीत. पर्समधून फोन काढून त्यांनी सामंतबाईंनाच लावला. स्वतःची ओळख करून दिली आणि अत्यंत गोड आवाजात विचारलं, त्यांनी टोमॅटोच्या आधी काय मागितलं होतं आणि का बदललं. सामंतबाईंना आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्यांच्या मन बदलण्याचा क्रम इतक्या आस्थेनं विचारत होतं. त्या बराच वेळ बोलल्या. टोमॅटोच्या आधीही मारुतीच होता.

"मंगेश, मारुती लिही," कुंदाताई म्हणाल्या. "खोड. आता वकील लिही. छाप."

प्रिंटर कुरकुरला. 'वकील (लहान). सोबत: शेपूट, गदा.'

"आलं!" मी ओरडलो. मंदाबाई आतून आल्या, वैशाली गल्ला सोडून आली. कुंदाताईंनी आता कुठे स्टूल फिरवलं. मारुती खोडला की त्याची जागा रिकामी होत होती, पण त्याची चिठ्ठी तिथेच राहत होती. लगेच पुढचा वेश त्याच जागेवर येऊन बसायचा. त्याला स्वतःचं सामान असलं तर त्याची चिठ्ठी वर लिहिली जायची. नसलं तर मारुतीचं शेपूट त्याला.

कुंदाताईंनी प्रोग्रॅम उघडला, वर-खाली केला आणि एका जागी थांबल्या. मग एक ओळ लिहिली. बोटाएवढी. नवीन वेश आला की आधी 'काही नाही' लिही, बाकी नंतर.

आम्ही मारुती लिहून खोडला, वकील काढला. काळा कोट. मारुती, टोमॅटो. निव्वळ टोमॅटो. वैशालीनं स्वतः बसून मारुती, रावण, वाघ सगळे खोडून बघितले. शेपूट नाही, तोंडं नाहीत, नखं नाहीत. ती हसून म्हणाली, "ताई, राहू दे ते मोबाईलचं. यंदा हेच."

मला वाटलं होतं, कुंदाताई पेढे मागवतील. पण काळ्या पडद्यावरच्या त्या ओळीकडे बघत त्या म्हणाल्या, "मी नव्या मशीनला नावं ठेवत होते. चूक पहिल्या दिवसापासूनची आहे रे. जुनं मशीन बिचारं सांभाळून घेत होतं. एवढी वर्षं."

"मग काय झालं ताई? चाललं ना एवढी वर्षं?"

"चाललं," त्या म्हणाल्या. "बरोबर नव्हतं."

त्या दिवशी मी हट्टच धरला, की काहीतरी घ्यायलाच पाहिजे. साडी घ्या, काहीही घ्या. त्या नाही नाही म्हणत दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. पहिल्यांदाच मी त्यांना संकोचलेलं पाहत होतो.

"तुझ्याकडे खाकी कोट आहे? पितळी बटणांचा. कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर घालायचे तसा. आणि टोपी."

"आहे की. कुणासाठी? नाटक आहे?"

"माझ्या मापाचा बघ," त्या म्हणाल्या. "रविवारी लागेल."

कोट जरा मोठा होता. मंदाबाईंनी बाह्या आत घेतल्या. मला राहवलं नाही. रविवारी मीच पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, मी येतो तुमच्याबरोबर, जिथे जायचं तिथे. मला वाटलं, नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "चल."

आम्ही लोकलनं शहाडला उतरलो आणि तिथून रिक्षानं मोहन्याला निघालो. रिक्षात त्यांनी सांगितलं. त्यांचा मोठा भाऊ, दादा, मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात होता. निवृत्त होऊन जमाना झाला. तिथेच घर करून राहिलाय. गेली काही वर्षं त्याला विसरायला होतं. कुंदाताई दर रविवारी जातात, आणि दर रविवारी तो त्यांना वेगळीच कुणीतरी समजतो. कधी आत्या, कधी दवाखान्यातली सिस्टर, कधी शेजारची मासळीवाली.

"मग तुम्ही सांगत नाही, मी कुंदा म्हणून?"

"सुरुवातीला सांगायचे. दर वेळी. मग त्याला कळायचं की आपण बहिणीला ओळखलं नाही, आणि तो रडायचा." त्यांनी पिशवी सरळ केली. "माझं बरोबर ठरवायला त्याला किती रडवू? आता आत्या म्हणाला तर मी आत्या. मासळीवाली म्हणाला तर त्याच्याशी भावाची घासाघीस करते."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. रिकाम्या डब्यावर 'रिकामा' लिहिणारी ही बाई.

"पण आता तो सकाळीच तयार होऊन बसतो," त्या म्हणाल्या. "पाळीला उशीर झाला म्हणून. दार लावलं तर धडका मारतो. मागे एकदा सटकला, तो शहाडच्या पुलाजवळ सापडला. वहिनीनं सांगितलं, मी सांगितलं, कारखाना सुटला आता तुझा. ऐकत नाही. म्हणतो, टाइमकीपर सांगेल तेव्हा."

दार वहिनींनी उघडलं. थकलेली, गोरटेली बाई. "आजपण सकाळपासून डबा मागतायत," त्या हळूच म्हणाल्या. कुंदाताई आतल्या खोलीत गेल्या आणि कोट-टोपी चढवून बाहेर आल्या. एरवी मला हसू आलं असतं. साडीच्या निऱ्या कोटाखाली दिसत होत्या. टोपी कानांवर बसलेली.

दादा खुर्चीच्या काठावर बसलेले. भांग पाडलेला, चपला घातलेल्या, हातात रिकामी पिशवी. कोट दिसताच ते ताडकन उठले.

"सायेब, मना उशीर झाला. गाडी चुकली."

"उशीर नाही झाला," कुंदाताई घसा जड करून म्हणाल्या. "आज कारखाना बंद आहे. सुट्टी."

"पगारी?"

"पगारी."

दादांचे खांदे खाली आले. ते मागे टेकून बसले, आणि वहिनींनी इतका मोठा श्वास सोडला की तो मला ऐकू आला. त्यांनी चहा टाकला. सगळं झालं असं मला वाटलं. तेवढ्यात दादा पुन्हा पुढे झुकले.

"सायेब, उद्याचीपण रजा मांडा ना. बहिणीचा पेपर हाय ठाण्याला. कॉम्प्युटरचा. तिला सोराया जाया पायजे."

कुंदाताईंचा हात कोटाच्या बटणावर होता. बटण लावलेलंच होतं, तरी त्या ते चाचपत राहिल्या.

"मोठी आहे ना बहीण?" त्या शेवटी म्हणाल्या. "एकटी जाईल की."

"मोठी हाय. हुशारपण हाय. आमच्या घरान तेवरी हुशार कोन नाय." दादा हसले, समोरच्याला गुपित सांगावं तसे. "पन रस्त्याला भिते. गाड्या दिसल्या का उभीच रायते. कुनाला सांगत नाय. मना म्हायती हाय. मी हात धरतो, मग जाते."

"मांडली," कुंदाताई म्हणाल्या. "उद्याची रजा मांडली."

चहा पिऊन आम्ही निघालो. कोट त्यांनी वहिनींकडेच ठेवला, खुंटीला, दादांच्या नजरेसमोर. बाहेर आल्यावर रिक्षा पलीकडच्या बाजूला उभ्या दिसल्या. रस्त्यावरून एकामागून एक ट्रक चाललेले. मी अर्ध्यापर्यंत गेलो आणि लक्षात आलं, बाजूला कुणी नाही. वळून बघितलं तर कुंदाताई कडेलाच उभ्या होत्या, पर्स पोटाशी धरून, ट्रककडे बघत.

मी परत गेलो. हात पुढे केला, त्यांनी तो धरला आणि आम्ही पलीकडे गेलो.